निळा धूर: रिंगा गेल्या की व्हॉल्व्ह सील?

सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "साहेब, इंजिन काम निघालंय." इंजिन काम म्हणजे पिस्टन बाहेर, नव्या रिंगा, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) लेथवाल्याकडे, गाडी बरेच दिवस गॅरेजात आणि बिल पाच आकडी. कधी कधी ते वाक्य खरंही असतं. पण पुष्कळदा दोष निघतो तो वर, हेडमधल्या (इंजिनाच्या सिलिंडरांवरच्या भागातल्या) करंगळीच्या पेराएवढ्या रबरी टोप्यांत. त्यांना व्हॉल्व्ह सील म्हणतात; व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरची हवा आत-बाहेर सोडणारी झडप. साध्या चार सिलिंडरच्या गाडीला त्यांचा अख्खा संच काही शे रुपयांत येतो. खर्च असतो तो मजुरीचा, आणि तोही इंजिन कामाच्या मानाने बराच कमी.

निळा धूर एवढंच सांगतो की इंजिन ऑइल जिथे जळायला नको तिथे पोचून जळतंय. ते खालून, रिंगांपाशी चढलं की वरून, व्हॉल्व्हच्या दांड्यावरून उतरलं, हे रंगावरून कळत नाही. ऑइल तेच, वास तोच करपट. म्हणून रंगाच्या छटांवर वाद घालण्यापेक्षा धूर *केव्हा* येतो ते बघावं. (पांढऱ्या धुराला गोडसर वास येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर तो कूलंटचा, हेड गॅसकेटचा मामला. थंडीच्या सकाळी निघून दहा मिनिटांत विरणारी नुसती वाफ असते. पेट्रोल गाडीचा काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. हे तिन्ही आजचे विषय नाहीत.)

प्रत्येक पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन धरून ठेवतात. सर्वांत खालची ऑइल रिंग. सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून परत खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी, जिथे ऑइल साठतं तिथे) सोडणं हे तिचं काम. ती झिजली किंवा कार्बन साचून खाचेतच अडकून बसली, की भिंतीवर ऑइलचा जाड थर उरतो आणि दर स्फोटाला त्यातला थोडा जळतो. व्हॉल्व्ह सीलचा प्रकार वेगळा. व्हॉल्व्हचा दांडा गाइड नावाच्या नळीत वरखाली सरकतो आणि हेडच्या वरच्या भागात कॅमशाफ्टसाठी ऑइल सतत खेळत असतं. दांड्याला वंगणापुरतं ऑइल मिळावं, बाकीचं खाली जाऊ नये, यासाठी गाइडच्या तोंडावर सील बसवलेलं असतं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते रबर कडक होतं, त्याची पकड सुटते.

रिंगांपाशी ऑइल वर चढायला इंजिन चालू लागतं. सीलमधून ते उतरायला काहीच लागत नाही. गाडी रात्रभर उभी असली तरी थेंब दांड्यावरून खाली येतच राहतो.

त्यामुळे पहिली चाचणी पहाटेची. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी सुरू करताना कुणाला तरी मागे उभं करा. स्टार्ट होताच निळ्या धुराचा जाड लोट आला आणि अर्ध्या-एक मिनिटात बंद झाला, तर संशय सीलवर. रात्रभरात जमलेलं ऑइल जळून गेलं, गोष्ट संपली. रिंगा गेलेली गाडी अशी वागत नाही. ती सकाळी थोडा धूर देईल, पण इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झालं की धूर कमी होण्याऐवजी वाढेल, आणि रेस दिली की जास्तच.

जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. तुम्ही पोचायच्या आत विक्रेत्याने गाडी "जरा बाजूला घेतो" म्हणून सुरू करून ठेवली असेल, तर ही चाचणी हातची गेली. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून सांगा. प्रामाणिक माणूस हरकत घेत नाही.

दुसरी चाचणी घाटाची, आणि महाराष्ट्रात घाटाला तोटा नाही. पेट्रोल गाडी घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, इंजिनच्या जोरावर गाडी आवरू द्या. अशा वेळी थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बंद, पण चाकं इंजिनला फिरवतायत, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांत) जबरदस्त निर्वात तयार होतो. तो निर्वात ढिल्या सीलमधून ऑइल ओढून घेतो. खाली सपाटीला आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जमलेलं ते सगळं ऑइल एकदम जळतं आणि आरशात निळा ढग दिसतो. मागच्या गाडीत ओळखीचं कुणी असेल तर उत्तमच, कारण आरशात संध्याकाळच्या उजेडात निळा आणि करडा यांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही. ज्या उतारावर ट्रकांची रांग असते तिथे हे करू नका. आंबोलीसारखा घाट, दुपारची कमी रहदारीची वेळ, एवढं पुरे.

आता चढ. तोच घाट चढताना, गाडीत चार माणसं, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला. थ्रॉटल उघडा असल्याने निर्वात जवळजवळ नाहीसा होतो आणि सीलमधून ऑइल ओढलं जाणं कमी होतं. याउलट सिलिंडरमधला दाब वाढतो आणि रिंगांची परीक्षा सुरू होते. चढावर सतत धूर, उतारावर कमी, असं दिसलं तर बोट रिंगांकडे. उतारानंतर लोट आणि चढावर स्वच्छ, तर सीलकडे. एक पथ्य मात्र पाळा: उतारावरचा निर्वात झिजलेल्या रिंगांवरूनही थोडं ऑइल ओढतो, म्हणून एकट्या उताराच्या धुरावर निकाल देऊ नये. पहाटेचा लोट आणि उताराचा लोट दोन्ही जुळले, तर मात्र मी इंजिन खोलू द्यायला तयार होणार नाही.

शहरातल्या माणसाला घाट मिळत नसेल तर सिग्नलही चालतो. लांब सिग्नलला किंवा टोलनाक्याच्या रांगेत गाडी आयडलवर उभी राहिली, आणि निघताना पहिल्या दाबाला एक झोत येऊन थांबला, तर तेही सीलचंच लक्षण.

रिंगांची आणखी एक खूण बॉनेटखाली मिळते. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. रिंगांमधून जळलेला वायू खाली चेंबरमध्ये घुसत असेल, तर झाकण थरथर उडतं, भोकातून धूर फुक-फुक बाहेर येतो, डिपस्टिकसुद्धा वर सरकलेली सापडते. थोडी वाफ प्रत्येक इंजिनात असते, तिला घाबरू नका. सील कितीही खराब झालं तरी हा दाब तयार करत नाही. शिवाय रिंगा गेल्या की गाडीचं पिकअप पडतं; सीलवाली गाडी धूर सोडूनही आधीसारखीच ओढते.

इथे गॅरेजवाला म्हणेल, "कॉम्प्रेशन बघून घेऊ." जरूर बघावं, पण ते काय सांगतं आणि काय नाही, हे माहीत असावं. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, प्रत्येक सिलिंडरला गेज लावतात. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय (दाबाचं एकक) मिळतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतला धरावा, आणि सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. एखादा सिलिंडर कमी आला, तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

आणि इथेच घोळ होतो. "व्हॉल्व्ह" म्हणजे व्हॉल्व्ह सील नव्हे! चाचणी बोलते ती व्हॉल्व्हच्या बैठकीबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही याबद्दल. त्याचा निळ्या धुराशी संबंध नाही. व्हॉल्व्ह सील कॉम्प्रेशन धरत नाही, म्हणून ते पार गेलं तरी सगळे आकडे उत्तम येतात. निळा धूर आहे आणि कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत छान आहे, ही सीलची बाजू भक्कम करणारी गोष्ट आहे.

भक्कम, पण पक्की नाही. कॉम्प्रेशन धरणाऱ्या वरच्या दोन रिंगा शाबूत आणि फक्त खालची ऑइल रिंग कार्बनने जाम, असंही होतं. तेव्हा आकडे चांगले, पिकअप चांगलं, आणि ऑइल मात्र गायब. टोयोटाचं २.४ लिटरचं २एझेड-एफई इंजिन याचं गाजलेलं उदाहरण. २००७ ते २००९ च्या कॅमरी गाड्यांत ते ऑइल पिण्यासाठी बदनाम झालं. अमेरिकेत कंपनीला त्यासाठी खास वाढीव वॉरंटी जाहीर करावी लागली. चाचणीत १२०० मैलांना, म्हणजे सुमारे १९०० किलोमीटरला, १ क्वार्टपेक्षा (लिटरहून किंचित कमी) जास्त ऑइल लागलं तर नवे पिस्टन आणि रिंगा बसवून मिळत. अशा इंजिनात सील बदलून काही उपयोग झाला नसता. फरक ओळखायचा तो पुन्हा वेळेवरून: ऑइल रिंगवाली गाडी रात्रभर उभी राहिल्यावर खास लोट सोडत नाही, ती लांबच्या प्रवासात गुपचूप ऑइल संपवते.

गुपचूप म्हणण्याचं कारण, हल्लीच्या गाडीत धूर दिसेलच असं नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाला की ऑइलचा थोडाफार धूर तिथेच जाळून टाकतो. बीएस-६ पेट्रोल गाडी महिन्याला अर्धा लिटर ऑइल खात असली तरी मागे काही दिसत नाही, आणि पीयूसीही बिनबोभाट मिळून जाते. नुकसान आत चालूच असतं, कारण ऑइलमधल्या फॉस्फरसने कन्व्हर्टर हळूहळू निकामी होतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी सकाळी सपाट जागेवर डिपस्टिक बघायची आणि किती किलोमीटरला किती ऑइल घातलं ते लिहून ठेवायचं. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत १००० किलोमीटरला १ लिटरपर्यंतचा खप "सामान्य" म्हणून छापलेला असतो. मला तो आकडा फार उदार वाटतो, पण वॉरंटीत भांडायला जाताना तो माहीत असलेला बरा.

गाडीचा इतिहासही बोलतो. बारा-पंधरा वर्षं जुनी, किलोमीटर कमी, आजोबांनी रविवारपुरती वापरलेली गाडी धूर सोडत असेल, तर रबर वयाने मेलंय असं समजा. याउलट ऑइल वेळेवर न बदललेली, एकदा तरी कडकडीत गरम झालेली, किंवा फाटक्या एअर फिल्टरने कच्च्या रस्त्यांवर फिरलेली गाडी असेल, तर रिंगांचा संशय धरावा. फिल्टर चुकवून आत गेलेली धूळ ऑइलमध्ये मिसळून बोअर पॉलिश पेपरसारखी घासते.

काहीही खोलण्याआधी दोन फुकट गोष्टी बघून घ्या. ऑइल खुणेच्या वर तर भरलेलं नाही ना? आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह, जो चेंबरमधले वायू परत इनटेकमध्ये सोडतो, तो अडकला तर नाही ना? त्याच्या बिघाडाने इनटेकमधून ऑइल ओढलं जाऊन रिंगा आणि सील दोन्हींची हुबेहूब नक्कल होते, आणि बहुतेक गाड्यांत तो भाग स्वस्त असतो. टर्बो असेल तर टर्बोचं सीलही यादीत घ्या, विशेषतः डिझेलमध्ये. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा थ्रॉटलमुळे होणारा निर्वात नसतो, त्यामुळे वरची उताराची चाचणी तिथे फारशी लागू पडत नाही.

मिस्त्री "जाड ऑइल टाकून बघू" म्हणाला, तर तो निदान करत नाहीये, वेळ काढतोय. २०डब्ल्यू-५० टाकलं की धूर दोन्ही दोषांत काही काळ कमी दिसतो, आणि पातळ ऑइलसाठी बनवलेल्या नव्या इंजिनाला त्याचा त्रासच होतो. गाडी विकायला काढणाऱ्यांचा हा आवडता उपाय आहे.

सील बदलायचं ठरलं तर हेड उतरवावंच लागतं असं नाही. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवता येतात, आणि मग स्प्रिंग दाबून वरूनच सील काढता-घालता येतात. हे जमणारं गॅरेज शोधा. मात्र गाइडच झिजून दांडा हलत असेल, तर नवं सीलही काही महिन्यांत जाईल; तेव्हा हेड लेथवाल्याकडे न्यावंच लागतं. सील काढल्यावर दांडा हलवून बघायला मिस्त्रीला सांगा, तुम्हीही तिथे उभे राहा.

आणि काम झाल्या झाल्या धूर दिसला तर लगेच भांडायला जाऊ नका. जुनं ऑइल सायलेन्सरमध्ये आणि कन्व्हर्टरमध्ये साचलेलं असतं, ते जळून जाईपर्यंत धूर येतो. गाडी हायवेला चांगली तासभर पळवा. नव्या रिंगा असतील तर त्या बोअरला बसायला आणखी वेळ घेतात. शे-दोनशे किलोमीटरनंतरही सील बदललेली गाडी सकाळी तसाच लोट सोडत असेल, तर मात्र डिपस्टिकची वही घेऊन गॅरेज गाठा.