'नॉट इन सिंक' : नॅनोवरील अपलोडच्या अडचणीची पार्श्वभूमी

ठाणे, ऐरोली, वाशी या पट्ट्यातील पदविका आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्प सादर करण्याचे दिवस जवळ आले की अर्डुइनो नॅनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर कोड अपलोड होत नसल्याची तक्रार हमखास ऐकू येते. पडद्यावर दर वेळी 'नॉट इन सिंक' (संगणक आणि बोर्ड यांचा मेळ बसत नाही) हाच संदेश दिसतो; त्यामागची कारणे मात्र निरनिराळ्या काळातली आहेत.

2007 पूर्वीच्या बोर्डांवर अपलोडच्या नेमक्या क्षणी रीसेटचे बटण हाताने दाबावे लागे. त्यानंतर बोर्डाला संगणकाशी जोडणाऱ्या सिरियल चिपची डीटीआर ही पिन 0.1 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमार्गे रीसेटला जोडण्याची पद्धत आली आणि ते काम आपोआप होऊ लागले. रीसेटनंतर बूटलोडर, म्हणजे संगणकाकडून कोड घेऊन चिपमध्ये भरणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्राम, अगदी थोडा वेळ संगणकाची वाट पाहतो आणि त्या अवधीत दोन्हीकडचा वेग जुळला नाही तर अपलोड फसतो.

आजच्या बहुतेक गोंधळाचे मूळ 2018 च्या सुरुवातीच्या एका निर्णयात आहे. तोवर नॅनोचा बूटलोडर सेकंदाला 57600 बिट या वेगाने बोलत असे. अर्डुइनोच्या नव्या मूळ बोर्डांत 115200 वेगाचा बूटलोडर आला आणि कोड अपलोड करण्याच्या सॉफ्टवेअरच्या मेनूत तोच पर्याय आधीपासून निवडलेला ठेवण्यात आला. बदलाला तांत्रिक आधार होता, कारण वॉचडॉग टायमर (प्रोग्राम अडकल्यास चिप रीसेट करणारा) वापरल्यास जुना बूटलोडर पुन्हापुन्हा रीसेट होण्याच्या चक्रात अडकत असे. परंतु आपल्याकडचे विद्यार्थी लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन घेतात ते बहुधा सीएच340 ही सिरियल चिप असलेले स्वस्त बोर्ड असतात आणि त्यांतील अनेकांत त्यानंतरही जुनाच बूटलोडर येत राहिला. त्यामुळे कालच विकत घेतलेल्या बोर्डासाठी 'ओल्ड बूटलोडर' निवडावा लागतो, हे सांगितल्याशिवाय कोणाला सुचणे कठीण आहे. विद्यार्थी केबल बदलतो, ड्रायव्हर पुन्हा टाकतो आणि शेवटी बोर्ड गेला असे समजून दुसरा आणतो. पहिला वेग न जुळल्यास सॉफ्टवेअरने दुसरा आपणहून वापरून पाहावा, एवढी सोय तरी या बदलासोबत द्यायला हवी होती. ती न दिल्याने निदानाचा सगळा भार सर्वांत कमी अनुभव असलेल्या माणसावर पडला.

सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचा पोर्टच न दिसणे हा वेगळा दोष आहे आणि केवळ चार्जिंगची केबल किंवा ड्रायव्हरचा अभाव ही कारणे तिथे शोधावीत. पोर्ट दिसत असूनही संदेश येत असेल, तर 0 आणि 1 या पिनांना जोडलेले ब्लूटूथ मॉड्यूल आधी काढावे, कारण अपलोड त्याच पिनांवरून होतो. ईएसपी32 या वाय-फाय असलेल्या दुसऱ्या चिपचे बोर्ड प्रयोगशाळांत आल्यापासून अडचणीचे रूप पुन्हा बदलले आहे: आपोआप रीसेटची जोडणी नीट चालत नसेल तर अपलोड सुरू होईपर्यंत 'बूट' बटण दाबून धरावे लागते.

जिथे जुन्या आणि नव्या बूटलोडरचे नॅनो एकत्र झाले आहेत, तिथे एका चालू बोर्डालाच प्रोग्रामर (दुसऱ्या चिपवर कोड चढवणारे साधन) करून, सहा पिनांच्या जोडणीतून बाकीच्यांवर नवा बूटलोडर चढवता येतो. त्यानंतर सर्व बोर्डांना मेनूतील एकच पर्याय चालतो.