ऋण एकाचं वर्गमूळ कुठे राहतं?

पुण्यात एरंडवण्याला गणिताची एक संस्था आहे, भास्कराचार्य प्रतिष्ठान. प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी ती १९७६ मध्ये सुरू केली. अभ्यंकरांचा विषय बैजिक भूमिती, आणि त्यात संमिश्र संख्या, म्हणजे ऋण एकाचं वर्गमूळ मानून तयार होणाऱ्या संख्या, पदोपदी भेटतात. आणि पाटीवर ज्यांचं नाव, त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलंय : 'न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्'. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नसते.

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. ऋण गुणिले ऋण धन, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच मांडला होता. शाळेत तो पाठ करून घेतात, फार तर कर्जाचं उदाहरण देतात. बेरजेला ते ठीक आहे. पण कर्जाला कर्जाने गुणायचं म्हणजे काय, हे सावकारालाही सांगता येणार नाही! खरं कारण साधं आहे. १ आणि −१ यांची बेरीज शून्य. तिला −१ ने गुणलं तरी शून्यच यायला हवं. आता कंस सोडवा : (−१) × १ म्हणजे −१, अधिक (−१) × (−१). दोन्ही मिळून शून्य व्हायचं, तर दुसरा गुणाकार १ च असला पाहिजे. मग वर्ग ऋण येणार कुठून?

१५७२ मध्ये इटलीतल्या बोंबेलीने क्ष³ = १५क्ष + ४ हे समीकरण घेतलं. क्ष = ४ घालून पाहा, जमतं. पण घनसमीकरणाच्या सूत्रात मध्येच −१२१ चं वर्गमूळ उभं राहतं. बोंबेली तिथे थांबला नाही. नेहमीच्याच नियमांनी पुढे गेला, ऋण संख्येच्या वर्गमुळाचे 'काल्पनिक' भाग एकमेकांत उडाले आणि उत्तर आलं ४.

हे कसं घडतं, याचं चित्र वेसेल आणि आर्गां या दोघांनी स्वतंत्रपणे सव्वादोनशे वर्षांपूर्वी दिलं. −१ ने गुणणं म्हणजे संख्यारेषेवर शून्याभोवती अर्धा फेरा. दोनदा केलं की मूळ जागी परत. मग दोनदा केल्यावर अर्धा फेरा होईल, असं काय? पाव फेरा. तोच 'आय' (i), ऋण एकाचं वर्गमूळ. तो रेषेवर नाही, रेषेला काटकोनात आहे. भास्कराचार्य रेषेवर शोधत होते, आणि तिथे तो खरंच नाही.

शिवाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलची मुलं हा पाव फेरा सर्रास वापरतात. प्रत्यावर्ती (एसी) विजेत आदर्श कॉइलमधला प्रवाह व्होल्टेजच्या पाव आवर्तन मागे असतो, तो फरक या एका अक्षरात मावतो. फक्त 'आय' त्यांनी आधीच विद्युतप्रवाहाला देऊन टाकलाय, म्हणून ते 'जे' लिहितात.