भरतीच्या तोंडावरची कचराभूमी

मुंबईच्या देवनार कचराभूमीवर १९२७ पासून कचरा पडत आला आहे. पायथ्याशी कांदळवन आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. रोहित पक्ष्यांच्या या खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली.

एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर पाणी होतं. मुंबईत एवढा पाऊस एका दिवसातही पडतो. त्यातलं काही कचऱ्यात मुरतं आणि काळं, उग्र वासाचं होऊन तळातून झिरपतं. हेच लिचेट. उरलेलं पाणी ढिगाचा उतार धूत खाली येतं. ते एकदा खाडीत मिसळलं की मागे घेता येत नाही, म्हणून खरी लढाई पावसाळ्याआधीची आहे: बाहेरून येणारं स्वच्छ पाणी चर खणून बाजूनं वळवायचं, कचरा मातीनं झाकायचा, कचऱ्याला शिवलेलं पाणी वेगळं साठवून प्रक्रियेला न्यायचं. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचराभूमीच्या तळाला ९० सेंटिमीटर चिकणमाती आणि तिच्यावर १.५ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर सांगितलं. देवनारचे जुने ढीग त्याच्या कितीतरी आधीचे.

हे सगळं करूनही पाणी तपासावं लागतंच. नदीकाठी ते त्यामानानं सोपं असतं. कचराभूमीच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे नमुने घ्यायचे, त्यातलं क्लोराइड मोजायचं. क्लोराइड कुजत नाही, मातीला फारसं चिकटत नाही, त्यामुळे लिचेटचा माग लागतो. खाडीत मात्र ही खूण बुडते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. त्यात लिचेटची भर दिसणार कशी? शिवाय भरती आली की खालचं पाणी वर सरकतं आणि ‘वरचा’ नमुनाही निर्मळ राहत नाही.

इथे अमोनिया अधिक उपयोगी पडतो. लिचेटमध्ये तो मुबलक असतो. पण सांडपाण्यातही असतो, म्हणून आसपासच्या नाल्यांचे नमुने सोबत हवेतच. नमुना ओहोटीला घ्यावा आणि त्यावर भरती-ओहोटीची वेळ नोंदवावी. त्या वेळेशिवाय आलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पहिल्या जोरदार सरीचा नमुना तर चुकवूच नये, कारण उन्हाळाभर साचलेली घाण तीच घेऊन येते. सोबत सामू (pH) आणि तापमानही मोजावं. पाणी अल्कधर्मी आणि उबदार झालं, की अमोनियाचा मुक्त, माशांना मारणारा अंश वाढतो.