शीतजल डायव्हिंग

शीतजल डायव्हिंग म्हणजे साधारणपणे १०° सेल्सिअस किंवा त्याहून थंड पाण्यात केलेले स्कूबा डायव्हिंग. ही सीमा सर्वत्र सारखी मानली जात नाही. श्वसनसाधनांच्या युरोपीय मानकात १०° खालचे पाणी ‘शीत’ धरतात, पण उष्ण समुद्राची सवय असलेल्या डायव्हरला १५° चे पाणीही बोचते. तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमान येथे वर्षाचा बराच काळ पाणी २५ ते ३०° असते, त्यामुळे ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे आत थोडे पाणी शिरू देणारा अंगालगतचा रबरी पोशाख, पुरतो. काही जण तर टी-शर्टवरच उतरतात. अशा पाण्यात शिकून पुढे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी ब्रिटन, कॅनडा किंवा स्कँडिनेव्हियात गेलेल्या मराठी डायव्हरला तिथल्या पाण्यात पहिल्या बुडीपासूनच बरेच काही नव्याने शिकावे लागते. थंडी सोसण्याची तयारी हा त्यातला लहान भाग. श्वास, तोल आणि हात या तिन्हींच्या जुन्या सवयी तिथे मोडतात, हे अधिक महत्त्वाचे.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते. थंड पाणी अचानक अंगाला लागले की आपोआप मोठा श्वास आत घेतला जातो, श्वासाची गती वाढते, नाडी व रक्तदाब चढतात. याला शीताघात म्हणतात. पहिल्या मिनिटात तो सर्वांत तीव्र असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. ड्रायसूटमध्ये, म्हणजे आत पाणी न शिरू देणाऱ्या पोशाखात, अंग कोरडे असले तरी ओठ, गाल आणि कपाळ यांना थंडी लागतेच; कपाळात कळ येते. म्हणून अनुभवी शिक्षक नवख्याला काठाजवळ उथळ पाण्यात थांबवतात, चेहरा पाण्यात घालून सावकाश श्वास घ्यायला लावतात आणि श्वास संथ झाल्यावरच खाली नेतात. होडीवरून पाठमोरी उडी घेऊन लगेच खाली जाण्याची सवय असणाऱ्याला हे थांबणे अनावश्यक वाटते. ते मुळीच अनावश्यक नाही: दम लागलेल्या अवस्थेत खाली गेलेला डायव्हर हवा भराभर संपवतो आणि घाबरण्याच्या बेतात असतो.

पोशाखाचा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. वेटसूटची कल्पना अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५२ च्या सुमारास पुढे आणली. वेटसूट ज्या फेसाळ रबराचा असतो, त्या निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे ऊब धरतात. पण ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, बुडबुडे चेपतात आणि जिथे थंडी जास्त असते नेमक्या तिथेच सूट पातळ पडतो. ७ मिलिमीटरचा सेमीड्राय सूट, म्हणजे फारच थोडे पाणी आत येऊ देणारा वेटसूट, १०-१२° पर्यंत निभावतो; त्याखाली ड्रायसूट हवा. त्यात मानेला आणि मनगटांना लॅटेक्स किंवा सिलिकॉनचे घट्ट सील असतात, जलरोधक चेन असते आणि आत फ्लीससारख्या कापडाचा उबदार थर घालतात. खरी ऊब या थरात अडकलेल्या हवेची. आत सुती कपडे घालू नयेत. घामाने ओले झाले की ते गारठा वाढवतात.

खाली जाताना ड्रायसूटमधली हवा आकसते आणि सूट अंगाला आवळतो, कातडीला चिमटे बसतात. ते टाळण्यासाठी छातीवरच्या झडपेतून थोडी थोडी हवा आत सोडतात. वर येताना डाव्या दंडावरच्या झडपेतून ती बाहेर जाऊ देतात. इथेच उष्ण पाण्यात कमावलेली बॉयन्सी, म्हणजे पाण्यात न बुडता न तरंगता राखायचा तोल, बिघडते. आतापर्यंत फुप्फुसे आणि बीसीडी (तोल राखण्यासाठी हवा भरायचे जॅकेट) एवढ्याच दोन ठिकाणची हवा सांभाळायची होती. आता तिसरी जागा आली, आणि तिथली हवा अंगभर फिरते. डोके खाली गेले की ती पायांकडे धावते, पाय फुगतात, फिन्स निसटू लागतात आणि डायव्हर उलटा वर खेचला जातो. उपाय ठरलेला आहे: गुडघे छातीशी घेऊन कोलांटी मारायची, सरळ व्हायचे आणि दंड उंचावून हवा सोडायची. ही हालचाल पोहण्याच्या तलावात पुन्हा पुन्हा गिरवल्याखेरीज गरजेच्या वेळी होत नाही. शिशाची वजनेही जास्त लागतात, कारण आतला थर हवा धरून ठेवतो. बॉयन्सी केवळ सूटने राखावी की सूटमध्ये आवळ सुटण्यापुरतीच हवा भरून बाकीचे काम बीसीडीवर सोपवावे, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. दुसरी पद्धत अधिक सुरक्षित वाटते, कारण तिच्यात इकडून तिकडे पळणारी हवा कमी राहते.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करून ती तोंडाशी पोहोचवणारे साधन, गोठणे हा शीतजलातला सर्वांत गंभीर तांत्रिक धोका. सिलिंडरमधली २०० बारच्या आसपासची हवा रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडलेल्या भागात, म्हणजे पहिल्या टप्प्यात, एकदम प्रसरण पावते आणि अतिशय थंड होते. भोवतीचे पाणीही ४-५° असेल तर झडपेवर बर्फ धरतो, ती उघडीच अडकते आणि हवा अखंड वाहू लागते; काही मिनिटांत सिलिंडर रिकामा होऊ शकतो. म्हणून पाण्यापासून बंदिस्त असलेला शीतजलाचा रेग्युलेटर वापरतात, पाण्याबाहेरच्या गोठत्या हवेत त्यातून श्वास घेऊन पाहत नाहीत आणि सूट किंवा जॅकेट लांबलचक दाबून फुगवत नाहीत. अनेक जण एका सिलिंडरवर दोन स्वतंत्र पहिले टप्पे बसवतात, म्हणजे बिघडलेला बंद करता येतो. उष्ण प्रदेशातून आणलेला भाड्याचा किंवा प्रवासी हलका रेग्युलेटर अशा पाण्यात नेऊ नये.

जाड हातमोज्यांत बोटांचा अंदाज जातो. बकल, टॉर्चचे बटण, झडपा या गोष्टी काठावरच हातमोजे घालून हाताळून पाहाव्यात.

गारठ्याचा संबंध डीकम्प्रेशनशी, म्हणजे वर येताना दाब उतरून अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्याशीही आहे. तळाशी अंग उबदार असताना ऊतींत नायट्रोजन जोमाने शिरतो. मग वर येताना गारठल्याने रक्तवाहिन्या आकसल्या की तो बाहेर पडायला वेळ लागतो. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत तळाशी ऊब आणि वर येताना थंडी हा क्रम सर्वांत घातक ठरला. सामान्य डायव्हरची बुडी नेमकी याच क्रमाने घडते, त्यामुळे कुडकुडू लागण्याआधीच, हातात वेळ राखून, वर यायला निघावे. थंडीत लघवीवाटे पाणीही जास्त जाते. पाणी पिणे टाळू नये.

एवढी यातायात करावी असे पाण्याखाली बरेच काही आहे. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो आणि खालून वर येणारे प्रवाह पोषकद्रव्ये आणतात. कॅलिफोर्नियाच्या माँटेरी उपसागरात केल्प या शैवालाची उंच अरण्ये आहेत. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर पॅसिफिकचा महाकाय ऑक्टोपस राहतो. स्कॉटलंडमधील ऑर्कनी बेटांजवळच्या स्कापा फ्लो येथे २१ जून १९१९ रोजी जर्मन नौदलाने स्वतःच बुडवलेल्या ताफ्यातील सात मोठी जहाजे आजही तळाशी आहेत. समशीतोष्ण समुद्रात उन्हाळी प्लवकांमुळे पाणी गढूळते, हिवाळ्यात ते निवळते; तिथे उत्तम दृश्यमानता आणि कडाक्याची थंडी बहुधा एकत्रच मिळतात.

आइसलँडमधील सिल्फ्रा ही भेग यांत सर्वपरिचित. थिंगवेट्लिर राष्ट्रीय उद्यानात, उत्तर अमेरिकी आणि युरेशियाई भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत आहेत त्या पट्ट्यात ती आहे. लांगयोकुट्ल हिमनदीचे पाणी लाव्हाच्या थरांतून अनेक दशके झिरपत इथे येते. तापमान बारमाही २ ते ४° आणि दृश्यमानता १०० मीटरच्या घरात. इतक्या स्वच्छ पाण्यात तळ जवळ वाटतो आणि खोलीचा अंदाज चुकतो, म्हणून नजर सतत खोली दाखवणाऱ्या मनगटावरच्या डाइव्ह संगणकावर ठेवावी लागते. खोलीची मर्यादा १८ मीटर आहे. ड्रायसूटचे प्रमाणपत्र किंवा ड्रायसूटमधल्या बुड्यांची लेखी नोंद असल्याखेरीज इथे डायव्हिंग करू देत नाहीत. नसल्यास स्नॉर्केलिंग करता येते. पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ड्रायसूट अभ्यासक्रमात पोहण्याच्या तलावातील एक सत्र आणि खुल्या पाण्यातील दोन बुड्या असतात. तो सिल्फ्राच्या वाटेवर उरकण्यापेक्षा आधी एखाद्या सौम्य थंडीच्या, उथळ जागी पूर्ण करून जावे.