टॅक्सी करताना ब्रेक नीट लागत नाही? आधी हे वाचा

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून छोटी विमाने उडवणारे विद्यार्थी, त्यांचे प्रशिक्षक आणि विमानमालक यांच्यासाठी

आमच्याकडे ब्रेकची जी कामे येतात, त्यातली बरीचशी लँडिंगमध्ये बिघडलेली नसतात. ब्रेक झिजतो तो टॅक्सी करताना, म्हणजे हँगर ते धावपट्टी या वाटेवर विमान जमिनीवरून चालवताना, रोज थोडा थोडा.

सेस्ना 172 सारख्या विमानात डाव्या चाकाचा ब्रेक डाव्या पेडलच्या वरच्या टोकाला, उजव्याचा उजव्या. पुढच्या चाकाला ब्रेक नसतो. नुसत्या पेडलने ते साधारण 10 अंश वळते. त्याहून आखूड वळण हवे तर एका बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. बैलगाडी वळवताना आतल्या बैलाचा कासरा ओढतात ना, तसेच. म्हणून एक ब्रेक गेला की थांबणे तर अवघड होतेच, शिवाय दाबल्यावर विमान चांगल्या ब्रेकच्या बाजूला फिरते.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा आणि सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम. धावपट्टी 26 वरून, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, उडायचे तर वारा पाठीला घेऊन पूर्व टोकापर्यंत जावे लागते. वारा ढकलतो, थ्रॉटल गरजेपेक्षा जास्त राहते आणि पाय नकळत ब्रेकवर टेकलेला असतो. त्याने ब्रेक तापत राहतो आणि डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती, जुन्या तव्यासारखी खोलगट होते. टाचा खाली टेकलेल्या ठेवा. वेग वाढला तर आधी थ्रॉटल कमी करा, मग ब्रेक. भराभर चालणाऱ्या माणसाइतका वेग पुरे. आणि तापलेल्या चाकांवर पार्किंग ब्रेक ओढून ठेवू नका, चाकांना चोक (अडसर) लावा.

आता ब्रेक ऑइल. हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला हात जोडून सांगतो. या विमानांत लाल रंगाचे खनिज हायड्रॉलिक तेल असते, 5606 जातीचे. मोटारीचे डॉट 3 किंवा डॉट 4 त्यात कधीही घालू नका. मागच्या पावसाळ्यात एक चाक आमच्याकडे आले. पेडल पूर्ण खाली जात होते. कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा भाग) उघडला तर ओ-रिंग, म्हणजे आतले रबरी कडे, फुगून मऊ पडलेली. बोटाने दाबली की दबून राहायची, खाचेत परत बसेना. कुणीतरी घाईत पातळी भरायला गाडीच्या दुकानातले तेल ओतले होते. सगळी लाइन धुऊन दोन्ही बाजूंची रबरे बदलावी लागली.

पेडल स्पंजसारखे लागत असेल तर बहुधा लाइनमध्ये हवा आहे. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे. टायरच्या आतल्या बाजूला लाल ओल दिसते का बघा. पावसात उभ्या विमानाच्या डिस्कवर तांबूस गंज येतो. हलका असेल तर पहिल्या दोन-चार ब्रेकात निघून जातो, खड्डे पडले असतील तर तोच लायनिंग (डिस्कवर घासणारे अस्तर) खातो. क्लीव्हलँड बनावटीच्या ब्रेकची लायनिंग 2.5 मिलिमीटरच्या आसपास आली की बदलायचीच.

डिस्क इथेच बेळगावात बनवून घेऊ का, असे बरेच जण विचारतात. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारागिरांच्या हातावर आमचा पूर्ण विश्वास आहे, मापात केसाचा फरक पडणार नाही. पण प्रमाणपत्र नसलेला भाग विमानात बसवता येत नाही आणि परवानाधारक एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) सहीशिवाय विमान सोडता येत नाही.

विमान हलताच पहिल्या काही फुटांतच दोन्ही ब्रेक दाबून बघा. शेजारी प्रशिक्षक असतील तर त्यांनीही त्यांच्या बाजूने बघावे. तरीही वाटेत ब्रेक गेलाच, तर थ्रॉटल पूर्ण मागे, पेडलने मोकळ्या जागेकडे वळवा, समोर अडथळा असेल तर मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाची कळ) ओढून इंजिन बंद करा आणि टॉवरला कळवा. पंख धरून विमान थांबवायला कुणी धावू नये. पुढचा पंखा (प्रोपेलर) फिरत असतो.

आम्हाला फोन करताना एवढे सांगा: कोणते पेडल, थंड असताना की तापल्यावर, आणि शेवटचे तेल कोणते, कुणी भरले. लॉगबुक सोबत आणा.