बुद्धिबळ क्लबमधल्या प्रशिक्षकांची पोलीस पडताळणी: कोणाला लागू, कागदपत्रं कोणती, तक्रार कुठे

मुलांना बुद्धिबळ शिकवणारा क्लब तुम्ही चालवत असाल, मग तो एखाद्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनच संध्याकाळ भरत का असेना, तिथल्या प्रशिक्षकांची आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घेणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मार्च २०२० मध्ये आलेल्या पॉक्सो नियमांतल्या नियम ३ मध्ये हे लिहिलेलं आहे. पॉक्सो म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा. नियमात शाळा आणि पाळणाघरांच्या बरोबरीने क्रीडा अकादमींचा थेट उल्लेख आहे, आणि पुढे 'मुलांसाठीची इतर कोणतीही सुविधा' असेही शब्द आहेत. त्यामुळे 'आमची अकादमी नाही, नुसता क्लब आहे' ही पळवाट उरत नाही.

मी एका क्लबची चिटणीस म्हणून फायली सांभाळते. दर वर्षी कुणी ना कुणी म्हणतंच, 'अहो, आपले सगळे ओळखीचेच आहेत.' ओळखीचे असतात हे खरं. पण मुलांच्या बाबतीत घडणाऱ्या अशा गुन्ह्यांत आरोपी बहुतेकदा ओळखीतलाच निघतो, म्हणून हा मुद्दा उलट पडताळणीच्या बाजूनेच जातो.

कोणाकोणाची करायची

शिकवणारे आणि न शिकवणारे, कायम आणि कंत्राटी, मुलांशी ज्यांचा संबंध येतो अशा सगळ्या कर्मचाऱ्यांची. म्हणजे मुख्य प्रशिक्षक, रविवारी येणारा पाहुणा प्रशिक्षक, हॉल उघडणारा शिपाई आणि स्पर्धेला मुलांना घेऊन जाणारा गाडीचालक. नियमाची भाषा कर्मचाऱ्यांपुरती आहे. मात्र बुद्धिबळ क्लबमध्ये निम्मं काम बिनपगारी माणसं करतात. कुणाचे तरी बाबा पट लावतात, कुणी निवृत्त गृहस्थ डाव लिहायला शिकवतात. माझं मत विचाराल तर त्यांचीही करा. मानधन घेतं की नाही यावरून मुलाला काही फरक पडत नाही. आमच्याकडे एका ज्येष्ठ सभासदांना याचा राग आला होता. चिटणिसाचाच, म्हणजे माझा दाखला फाईलमध्ये सगळ्यांत वर लावला, तेव्हा ते शांत झाले.

एक अडचण हमखास येते. पंधरा-सोळा वर्षांचा तगडा खेळाडू लहान मुलांची बॅच घेतो. अठरा वर्षांखालचा प्रत्येकजण कायद्याने बालकच, त्यामुळे त्याला पडताळणीला पाठवण्यात अर्थ नाही. त्याच्या बॅचला पडताळणी झालेली प्रौढ व्यक्ती हजर ठेवा, म्हणजे लहानांचीही काळजी घेतली जाते आणि त्याचीही.

पडताळणी 'ठरावीक काळाने' व्हावी असं नियम सांगतो, वर्षांचा आकडा देत नाही. आम्ही नवीन माणूस घेताना करतो आणि मग करार नूतनीकरणाच्या वेळी.

कोणता दाखला चालतो, कोणता नाही

खरा गोंधळ इथेच होतो. एका प्रशिक्षकाने आम्हाला पासपोर्ट सेवा केंद्राचं पोलीस क्लिअरन्स आणून दिलं. छापील, शिक्क्याचं, सगळं व्यवस्थित. पण ते प्रमाणपत्र परदेशात नोकरीसाठी, राहण्यासाठी किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी असतं. त्यांचं तर दोन वर्षांपूर्वीचं होतं, परदेशी नोकरीसाठी काढलेलं. क्लबला लागते ती स्थानिक पोलिसांकडून मिळणारी चारित्र्य पडताळणी. सरपंचांचा किंवा नगरसेवकांचा 'वर्तणूक चांगली आहे' असा दाखला, आधीच्या शाळेचं अनुभवपत्र, स्पर्धांची प्रशस्तिपत्रकं यांतलं काहीही त्याची जागा घेत नाही. रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, तर नाहीच नाही. पालक रेटिंग बघून भारावतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

महाराष्ट्रात हा अर्ज पोलिसांच्या ऑनलाइन क्लिअरन्स पोर्टलवर भरता येतो. अर्ज प्रशिक्षकाने स्वतःच्या नावाने करायचा असतो, क्लबने त्याच्या वतीने नाही. आपण राहतो तो भाग कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो हे आधी माहीत करून घ्यावं. पोलीस आयुक्तालय किंवा जिल्हा अधीक्षक कार्यालय आणि ठाणं चुकीचं निवडलं की अर्ज नुसताच फिरत राहतो. क्लब कुठे आहे याचा इथे संबंध नाही, राहत्या पत्त्याचं ठाणं धरायचं.

कागदपत्रांत फोटो आणि सही, आधार किंवा पॅनसारखा ओळखीचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि वयासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला ही तयारी ठेवा. त्यासोबत क्लबचं पत्र द्या. हे पत्र मोघम नको. लेटरहेडवर माणसाचं पूर्ण नाव, काम काय, ते मुलांसोबतचं आहे का आणि पडताळणी कशासाठी हवी आहे हे लिहून अध्यक्ष किंवा चिटणिसाची सही व शिक्का. अर्ज अडकायचं नेहमीचं कारण म्हणजे नाव. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, दाखल्यावर नुसतं आद्याक्षर, लग्नानंतर बदललेलं आडनाव तिसरीकडेच. अर्ज भरण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवून नावं वाचा, दहा मिनिटं लागतात. भाड्याने राहणाऱ्यांनी चालू भाडेकरार जवळ ठेवावा.

शुल्क ऑनलाइनच भरलं जातं. मग ठाण्याकडून बोलावणं आलं की मूळ कागद घेऊन जायचं. नोंदी तपासून झाल्या की प्रमाणपत्र मिळतं. ते हातात आल्यावर क्लबने मूळ प्रत पाहावी, तारीख आणि कारण वाचावं, छायाप्रतीवर 'मूळ पाहिले' लिहून सही करावी. अर्जाची नुसती पावती दाखवून कुणी बॅच सुरू करू पाहत असेल, तर दाखला येईपर्यंत त्याला मुलांसोबत एकटं ठेवू नका.

या कागदाची मर्यादाही माहीत असू द्या. पोलिसांच्या नोंदीत जे आहे तेवढंच तो सांगतो. ज्याच्याबद्दल कधी तक्रारच झाली नाही, त्याचा दाखला कोराच येणार. म्हणून माणूस आधी जिथे शिकवत होता तिथल्या दोघांना फोन करा आणि सरळ विचारा: पुन्हा घ्याल का याला? उत्तर द्यायला लागलेला वेळसुद्धा बरंच काही सांगून जातो.

मुलाच्या प्रवेश अर्जात काय असावं

नाव, जन्मतारीख, पालकांचे दोन फोन नंबर, ॲलर्जी किंवा औषधं हे सगळेच लिहून घेतात. राहतं ते वेगळंच: मुलाला घरी न्यायला कोण कोण येऊ शकतं? आमच्या दारापाशी एक जाड वही असते. तारीख, मुलाचं नाव, कोणी नेलं, किती वाजता, सही. पहिल्या महिन्यात पालक कुरकुरले. मग एके दिवशी एका मुलीचा लांबचा काका 'आईने पाठवलंय' म्हणत आला. त्याचं नाव अर्जात नव्हतं. आईला फोन लावला, तर तिने खरंच पाठवलं होतं. काकांची पाच मिनिटं गेली आणि वहीबद्दलची कुरकुर त्या दिवसापासून बंद झाली.

वयोगटाच्या स्पर्धांसाठी जन्मदाखला लागतो. त्याच्या प्रती गोळा करून क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय मात्र मोडा, त्या ज्याच्या त्याच्याकडून वेगवेगळ्या, थेट मागवा. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, खेळाडूंच्या पानावरसुद्धा नुसतं जन्मवर्ष दिसतं, पूर्ण तारीख नाही. फोटोची संमती प्रवेशाच्या संमतीत मिसळू नका, वेगळी सही घ्या, आणि 'नाही' म्हणणाऱ्या मुलाला बक्षीस समारंभात कोपऱ्यात उभं करू नका. स्पर्धेच्या जोड्या (कोण कोणाशी खेळणार) आणि पटांचे क्रमांक इंटरनेटवर जाहीर होतात, म्हणजे तुमचं मूल कोणत्या गावात, कोणत्या वेळी, कोणत्या पटावर बसलं आहे हे कुणालाही कळू शकतं. ते टाळता येत नाही, पण मुलाला न्यायला-आणायला कोण जाणार हे ठरवताना लक्षात ठेवा.

बाहेरगावच्या स्पर्धेसाठी दर वेळी स्वतंत्र संमतीपत्र घ्या. प्रवास कसा, मुक्काम कुठे, सोबत कोण, खोल्या कशा वाटल्यात. प्रशिक्षक आणि मूल एका खोलीत झोपणार नाहीत, हे त्या पत्रातच छापून टाका. खर्च वाचवायला सगळ्यांना एकाच खोलीत कोंबण्याची पद्धत आपल्याकडे फार रुळलेली आहे, म्हणून तोंडी सांगून भागत नाही.

बुद्धिबळाच्या काही गोष्टी इतर खेळांत नसतात. खेळाच्या दालनात फोन नेता येत नाही, त्यामुळे फोन बाहेर जमा होतो आणि डाव संपल्यावर मूल एकटं बाहेर येतं, घरी कळवायला साधनच नसतं. हरलेलं मूल जिन्यात रडत असतं, प्रशिक्षक त्याला 'चल, डाव बघू' म्हणून रिकाम्या खोलीत नेतो. हेतू चांगलाच असतो. पण विश्लेषण दार उघडं ठेवून, चारजणांच्या नजरेत करायचं, हा नियम भिंतीवर लावलेला बरा. पंचांनी खेळाडूची तपासणी करायची वेळ आली, तर ती खाजगीत व्हावी आणि तपासणारी व्यक्ती खेळाडूच्याच लिंगाची असावी, असं फिडेच्या नियमावलीत कलम ११.३.३ मध्ये आहे. मुलीच्या पालकांनी हे कलम पाठ करून ठेवावं. ऑनलाइन शिकवणीत प्रशिक्षकाने मुलाला खाजगी निरोप पाठवू नयेत, आई किंवा बाबा ग्रुपमध्ये असावेत.

काही घडलं, किंवा घडेल असं वाटलं तर

हा भाग सावकाश वाचा. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. क्लबांची सवय नेमकी उलटी असते. आधी कमिटी बसते, प्रशिक्षकाला बोलावते, मग पालकांना 'समजावलं' जातं. असली घरगुती चौकशी करूच नका. मुलाला पुन्हापुन्हा तेच सांगायला लावलं की त्याला त्रास होतो आणि पुढे पुरावाही कमकुवत होतो. मुलाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, वेळ टाका, सही करा आणि कळवा. चाइल्डलाइनचा १०९८ आणि आपत्कालीन ११२ हे दोन्ही नंबर चालतात.

न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर कैद एक वर्षापर्यंत आणि दंडही. अध्यक्षपद शोभेसाठी घेतलेल्यांनी हे कलम २१ एकदा वाचावं. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर मात्र पुढे काही सिद्ध झालं नाही म्हणून कारवाई होत नाही, तेही कायद्यातच आहे.

'मुलाला पोलीस ठाण्यात न्यावं लागेल' या धास्तीने पालक मागे हटतात. कलम २४ सांगतं की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असते. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समिती आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. एफआयआरची प्रत मोफत मिळते, मागून घ्या. मुलाची ओळख कुठेही उघड करायची नाही. क्लबच्या ग्रुपवर 'अमुक बॅचमधली मुलगी' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं.

अठरा वर्षांवरच्या महिला सभासद

त्यांच्यासाठी २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा यांनाही तो 'कामाचं ठिकाण' मानतो, आणि तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असायची गरज नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर संस्थेत अंतर्गत समिती हवी. बहुतेक क्लबांत तेवढे नसतात, त्यामुळे तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लेखी तक्रारीच्या सहा प्रती, सोबतची कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यावे लागतात. मेसेज, कॉलची यादी, स्पर्धेच्या तारखा यांचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा आणि सातवी प्रत, पोच घेतलेली, स्वतःजवळ असू द्या.