खाडीतलं रसायन आणि पोटातलं बाळ

कोकणात वाशिष्ठीच्या किंवा सावित्रीच्या खाडीत मेलेले मासे तरंगले की पाण्याचे नमुने घेतले जातात, पंचनामा होतो, नुकसानभरपाईची मागणी होते. मोजदाद माशांची होते. त्याच खाडीचा मासा खाणाऱ्या गरोदर बाईचा विषय त्या पंचनाम्यात बसत नाही. हे असं का झालं, ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक डॉक्टरांचा समज होता की वार, म्हणजे पोटातल्या बाळाला आईशी जोडणारी प्लॅसेंटा, ही भक्कम गाळणी आहे, आईच्या अंगातलं विष बाळापर्यंत जात नाही. त्याला मोठा तडा दिला थॅलिडोमाइडनं. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेलं हे औषध गरोदर बायका मळमळीवर घेत. नोव्हेंबर 1961 मध्ये ते तिथल्या बाजारातून मागं घेतलं गेलं, तोवर जगभरात दहा हजारांच्या वर मुलं हातापायांची वाढ खुंटलेली अशी जन्मली होती.

पण कोकणच्या दृष्टीनं जवळचं उदाहरण जपानमधल्या मिनामाताचं आहे. तेही मच्छीमारांचंच गाव. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून 1932 पासून पारामिश्रित सांडपाणी खाडीत जात होतं. आधी मांजरं झोकांड्या खाऊन मरू लागली, मग माणसं आजारी पडली. 1 मे 1956 रोजी कारखान्याच्याच इस्पितळातल्या डॉ. होसोकावा यांनी हा नवा आजार अधिकाऱ्यांना कळवला. त्या काळात जन्मलेल्या काही बाळांना मान धरता येईना, बोलता येईना. त्यांनी मासा कधी तोंडात घातला नव्हता आणि त्यांच्या आया धडधाकट दिसत होत्या, म्हणून निदान झालं साध्या मेंदूच्या लकव्याचं. आयांनाच शंका होती. नोव्हेंबर 1962 मध्ये अशा सोळा मुलांचा आजार गर्भातच झालेल्या विषबाधेचा आहे, हे मान्य झालं. पुढं डॉ. मासाझुमी हाराडा यांनी घरोघरी जाऊन बाळांच्या वाळवलेल्या नाळा गोळा केल्या. त्या जपून ठेवायची तिकडं रीत आहे. त्या नाळांत मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं विषारी सेंद्रिय रूप, सापडला. बाईला काही होत नाही म्हणजे बाळालाही होत नसेल, हा हिशेब तिथं कायमचा मोडला. कारण पुढं उलगडलं : मिथाइल पारा शरीरातल्या अमिनो आम्लाचं सोंग घेऊन वार ओलांडतो आणि नाळेतल्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा सरासरी दीडपटीहून जास्त भरतं. बाळाचा मेंदू तेव्हा घडत असतो.

योगायोग असा की त्याच 1962 सालच्या ऑगस्टमध्ये आपल्याकडं एमआयडीसी स्थापन झाली. रसायनीत कारखाना असलेली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी त्याआधीच, 1960 मध्ये स्थापन झाली होती. मग कुंडलिकेकाठी रोहा, सावित्रीकाठी महाड, वाशिष्ठीच्या खोऱ्यात लोटे-परशुराम. भरपूर पाऊस, बारमाही पाणी आणि जवळ समुद्र, म्हणजे सांडपाणी वाहून जाईल, असा सरळ हिशेब. भरतीचं पाणी खाडीत उलटं चढतं, हे खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. तिला विचारतंय कोण!

2011 च्या ऑगस्टमध्ये सादर झालेल्या, पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीच्या अहवालात लोटे-परशुरामचं चित्र स्पष्ट आहे. सामायिक प्रक्रिया केंद्रातून सांडपाणी उतू जाऊन कोतवले गावाकडच्या ओढ्यांत जाताना समितीनं पाहिलं. त्या गावच्या सरपंचांनी वैतागून ओढ्याचं पाणी पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता, त्याचीही नोंद आहे. वाशिष्ठी जिथं समुद्राला मिळते त्या दाभोळ खाडीतली मासळी घटल्याचंही त्यात आहे.

कायद्याची नजर मात्र वेगळ्याच गोष्टींवर राहिली. सांडपाण्याचा सीओडी लिटरला 250 मिलिग्रॅमच्या आत हवा, असा सर्वसाधारण दंडक. हा आकडा पाण्यातल्या पदार्थांना एकूण किती ऑक्सिजन लागेल ते सांगतो. त्यात कोणतं रसायन आहे, ते वार ओलांडतं का, हे सांगत नाही. 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 87 धोक्याच्या कामांवर बायकांना ठेवायला 2025 पर्यंत बंदी घालू शकत होतं, पण ते कारखान्याच्या फाटकाच्या आतलं. फाटकाबाहेर ओढ्यावर धुणं धुणारी त्यात येत नव्हती. आशाताई गरोदर बाईच्या घरी येते तेव्हा तिच्या हातातल्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या यांचे रकाने असतात. पाणी कुठलं, घरात फवारणीचं काम कोण करतं, याचा रकाना नाही.

फवारणीचं नाव निघालंच आहे तर कारखान्यांवरच सगळं ढकलणं बरोबर नाही. दक्षिणेला केरळातल्या कासारगोडमध्ये सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर 2000 पर्यंत वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. जन्मतः व्यंग असलेल्या मुलांवरून तिथं मोठा लढा झाला आणि मे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या वापरावर देशभर बंदी घातली. आपल्याकडं हापूसच्या मोहोरावर तुडतुड्यासाठी पाळीवर पाळी फवारतात. पंप पाठीवर घेतो गडी, पण औषधानं भिजलेला त्याचा सदरा हातानं चोळून धुते त्याची बायको. तो सदरा वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून आणि गरोदर बाई सोडून दुसऱ्या कुणी धुवावा, एवढं तरी बागायतदार बघू शकतात.

माशाचं म्हणाल तर तो ताटातून काढायचं कारण नाही. प्रथिनं आणि ओमेगा-3 बाळाला हवीच. फरक जातीचा आहे. मोठा शिकारी मासा लहान मासे खात जगतो आणि त्यांच्यातला पारा वर्षानुवर्षं अंगात साठवतो. म्हणून अमेरिकेतला सरकारी सल्ला गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क आणि सुरमईच्या कुळातला किंग मॅकरेल टाळायला सांगतो. आपल्याकडं तर बाळंतिणीला दूध यावं म्हणून आवर्जून मुशी, मालवणकडची मोरी, करून घालतात. ती लहान शार्कच. त्यापेक्षा तारली, बांगडा, मांदेली ही कमी आयुष्याची मासळी बरी, शिवाय स्वस्त.